सीडीत मावेल तो डेस्कटॉप

आकुर्डीत खंडोबा माळाजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. इंजिनिअरिंगची पोरं येतात आणि म्हणतात, "काका, प्रॅक्टिकलसाठी लिनक्स टाकून द्या." डेस्कटॉप (म्हणजे पडद्यावरच्या पट्ट्या, बटणं, खिडक्या यांची मांडणी) कोणता हवा, हे क्वचितच कोणी सांगतं. सीडीत जो आधीपासून असेल तो त्यांचा. तो तिथे कसा आला याचा इतिहास मोठा गमतीचा आहे, कारण वापरणाऱ्याला त्यात फारसं कोणी विचारलेलंच नाही.

पहिलं भांडण लायसन्सचं. १४ ऑक्टोबर १९९६ रोजी जर्मनीच्या माथियास एट्रिशने केडीई या डेस्कटॉपची घोषणा केली. काम देखणं, पण ते ज्या क्यूटी नावाच्या लायब्ररीवर उभं होतं ती तेव्हा पुरती मुक्त नव्हती. त्यावर उतारा म्हणून १९९७च्या ऑगस्टात मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना या मेक्सिकन जोडीने ग्नोम हा डेस्कटॉप काढला. रेड हॅट या लिनक्स कंपनीने ग्नोमची बाजू उचलून धरली. २००० साली क्यूटी जीपीएल या मुक्त लायसन्सखाली आली, भांडण मिटलं, पण सवयी पडून गेल्या होत्या. आपल्याकडे लॅबमध्ये रेड हॅटचं लिनक्स आणि पुढे फेडोरा. त्यामुळे पोरांच्या लेखी लिनक्स म्हणजे ग्नोमच. उबुंटू हे लिनक्स तर २००५पासून २०११पर्यंत पोस्टाने फुकट सीडी पाठवायचं. त्यातही ग्नोमच: वर एक पट्टी, खाली एक पट्टी.

एप्रिल २०११मध्ये सगळंच फिरलं. ग्नोम ३ आला आणि त्याच महिन्यात उबुंटूने युनिटी ही स्वतःची मांडणी पुढे केली. ग्नोममधली खालची पट्टी गेली, मिनिमाइझचं बटणही गेलं. माझ्याकडे येणारी मशीन कंपन्यांनी भंगारात काढलेली, ग्राफिक्स बेताचं. त्यांच्यावर हा थाट धड चालेना. मी सरळ एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप टाकायला लागलो. त्या वर्षी खुद्द लिनक्सचा जनक लिनस तोरवाल्ड्सही चिडून एक्सएफसीईवर गेला, हे मला नंतर कळलं आणि बरं वाटलं.

पण खरी मजा डेबियन या लिनक्सची. ऑगस्ट २०१२मध्ये तिथेही ग्नोम काढून एक्सएफसीई आणला, आणि कारण काय, तर ग्नोम पहिल्या सीडीत मावत नव्हता! एवढे तत्त्वनिष्ठ लोक, आणि निकाल दिला प्लॅस्टिकच्या चकतीने. नवी आवृत्ती निघेपर्यंत ग्नोम परत आला, २०१३च्या शेवटी पुन्हा एक्सएफसीई, सप्टेंबर २०१४मध्ये पुन्हा ग्नोम. शेवटच्या खेपेला मात्र एक कारण मला पटलं: अंध आणि अपंग वापरणाऱ्यांसाठीची सोय ग्नोममध्ये जास्त पक्की होती. माझा एक्सएफसीई तिथे कमी पडतो, हे खरंच आहे.

उबुंटूही २०१७मध्ये युनिटी सोडून ग्नोमकडे परतलं. २०२५च्या एप्रिलमध्ये फेडोराने केडीईला ग्नोमच्या बरोबरीचं स्थान दिलं. त्याच वर्षी, योगायोगाने केडीईच्या घोषणेच्याच तारखेला, १४ ऑक्टोबरला, विंडोज १०चा आधार संपला. तेव्हापासून विंडोज ११ न चालणारी धडधाकट मशीन दुकानात येतायत. त्यांच्यावर मी मिंट हे लिनक्स सिनॅमन डेस्कटॉपसह टाकतो. खाली डावीकडे बटण दिसलं की गिऱ्हाईक पुढे काही विचारत नाही.