वारसांच्या वाटण्या आणि बीजगणित: अल-कलसादी

अबुल हसन अली अल-कलसादी यांचा जन्म १४१२ मध्ये अंदालुसमधल्या बास्ता गावी झाला. दक्षिण स्पेनमधले आजचे बाझा ते हेच. ग्रानाडाचे मुस्लिम राज्य तेव्हा आक्रसत चालले होते. १४३६ मध्ये ते समुद्र ओलांडून आजच्या अल्जीरियातल्या तिलिमसानला गेले आणि तिथे अनेक वर्षे कायदा व गणित शिकले. पुढे ट्युनिस, कैरो आणि हजयात्रा करून ते ग्रानाडाला परतले. ‘रिहला’ हे त्यांचे प्रवासवर्णन खरे तर गुरूंची आठवण आहे. कोणाकडे कोणता ग्रंथ वाचला, याची त्यात आदराने नोंद आहे.

अल-कलसादी इस्लामी कायद्याच्या मालिकी पंथाचे पंडित होते आणि ‘फराइज’, म्हणजे वारसांचे हिस्से ठरवण्याचे शास्त्र, हा त्यांचा खास विषय. कायदा आणि गणित इथे एकाच कामाला जुंपलेले असतात. समजा, एक पुरुष पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी मागे ठेवून वारला. पत्नीचा आठवा हिस्सा ठरलेला आहे. उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट मिळायचे, म्हणून त्याचे पाच वाटे होतात. आठ पाचे चाळीस. तेव्हा मालमत्तेचे ४० भाग करायचे. पत्नीला ५, प्रत्येक मुलाला १४ आणि मुलीला ७. कधी हिस्से एकापेक्षा जास्त भरतात. स्त्रीमागे नवरा आणि दोन सख्ख्या बहिणी असतील तर नवऱ्याला निम्मे आणि बहिणींना मिळून दोन तृतीयांश मिळायला हवे, म्हणजे सहातले तीन आणि चार. अशा वेळी सहाऐवजी सातच भाग करून प्रत्येकाचा वाटा सारख्या प्रमाणात कमी करतात. याला ‘औल’ म्हणतात. वाटणी होण्याआधीच एखादा वारस वारला, तर त्याच्या वारसांचा हिशोब यात मिसळतो आणि अपूर्णांकांचे जंगल माजते.

अशा हिशोबांना लागणाऱ्या अंकगणितावर त्यांनी ‘अल-तबसिरा’ हा ग्रंथ लिहिला. तो विद्यार्थ्यांना जड जातो असे दिसल्यावर त्यांनी त्याचे संक्षेपही केले. त्यांतल्या एकाच्या नावात ‘गुबार’ अंकांचा उल्लेख आहे. गुबार म्हणजे धूळ. भारतातून पश्चिमेकडे गेलेल्या अंकांचे हे माघरेबी, म्हणजे वायव्य आफ्रिकेतले, रूप. नाव धुळीच्या पाटीवरून पडले. आपल्याकडची पोरे अक्षरे गिरवायची ती धूळपाटी आठवावी.

त्यांच्या बीजगणितात शब्दांऐवजी अक्षरे येतात. अज्ञात संख्येला ‘शै’, म्हणजे वस्तू, म्हणत. तिची खूण ‘शीन’. तिच्या वर्गाला ‘माल’ म्हणत. त्याची खूण ‘मीम’. मालमत्तेतला ‘माल’ तो हाच. ‘लाम’ म्हणजे बरोबर. एक माल आणि दहा शै बरोबर ५६, हे समीकरण लिहिताना १ वर मीम आणि १० वर शीन मांडायचे, मग लाम आणि शेवटी ५६. उत्तर ४. या खुणांचे जनक म्हणून त्यांचे नाव अनेकदा घेतले जाते, पण ते बरोबर नाही. माघरेबातल्या गणितज्ञांनी त्यांच्या आधीपासूनच अशी चिन्हे वापरली होती. अल-कलसादींचे मोठेपण शिक्षकाचे आहे: अवघड विषय त्यांनी शिकणाऱ्याच्या हाती येईल असा केला.

आयुष्याच्या अखेरीस त्यांना अंदालुस सोडावे लागले. १४८६ मध्ये ट्युनिशियातल्या बाजा गावी त्यांचे निधन झाले. तीन वर्षांनी, दीर्घ वेढ्यानंतर, बास्ता कॅस्टिल या ख्रिस्ती राज्याच्या फौजेच्या हाती पडले. त्यांची पुस्तके मात्र उत्तर आफ्रिकेत पुढे कित्येक पिढ्या शिकवली जात राहिली.