सर, आपण कोणाच्या बाजूने होतो?

नगर शहरातल्या एका उर्दू शाळेत मी मराठी आणि इतिहास शिकवतो. काही वर्षांपूर्वी आम्ही मुलामुलींचा एक भटकंती गट सुरू केला. महिन्यातला एक रविवार, पायात बूट, पाठीवर पाणी, आणि डोंगरावर नेलेला कागदाचा कपटासुद्धा परत आणायचा, एवढेच नियम. पहिली भटकंती शहाडोंगराची. लोक ज्याला चांदबीबीचा महाल म्हणतात, ती खरे तर सलाबतखानाची कबर आहे, हे कळल्यावर मुले चकित झाली. मग भुईकोट किल्ला पाहिला. १९४२ साली पंडित नेहरूंबरोबर मौलाना आझाद तिथे कैदेत होते आणि ‘गुबार-ए-खातिर’ त्यांनी तिथेच लिहिले.

गेल्या हिवाळ्यात दौलताबाद ठरले. मुलींच्या घरून लगेच होकार आले नाहीत. “पोरींना डोंगरावर कशाला?” हा प्रश्न मी चार घरी चहा पीत ऐकला. एक आई स्वतः बरोबर आली, तेव्हा बाकीच्या घरांचेही मन वळले.

किल्ल्यात शिरल्यावर थोड्याच अंतरावर एक मोठे आवार लागते. १३१८ साली कुतुबुद्दीन मुबारक खिलजीने बांधवलेली ही जामा मशीद. तिचे कितीतरी खांब जुन्या देवळांचे आहेत. हैदराबाद संस्थान भारतात आल्यानंतर तिथे भारतमातेची मूर्ती बसवली गेली. मी हे सगळे जसे आहे तसे सांगितले. खांबांचे लपवले असते, तर मुलांनी ते उद्या दुसऱ्या कुणाकडून, दुसऱ्या सुरात ऐकले असते.

नववीतली एक मुलगी खांबावरची नक्षी बघत होती. तिने विचारले, “सर, मग आपण कोणाच्या बाजूने होतो?”

वीस वर्षे शिकवतोय, पण हा प्रश्न इतक्या सरळ कुणी विचारला नव्हता. मी म्हटले, वर चढू, मग सांगतो.

वाटेत मेंढा तोफ आली. तिच्यावर फारसीत कोरले आहे. मुलांनी बोट फिरवत अक्षरे लावली: आधी ‘किला’, मग ‘शिकन’. किला शिकन, म्हणजे किल्ला फोडणारी. शेजारी उभ्या असलेल्या एका मराठी कुटुंबाने विचारले, “काय लिहिलंय हो?” आमच्या मुलांनी त्यांना मराठीत अर्थ सांगितला. शाळेत जी लिपी शिकल्याबद्दल कधी कधी टोमणे ऐकावे लागतात, ती त्या दिवशी सर्वांच्या कामी आली. अंधारीत मुले एकमेकांचे हात धरून चढली. तिथे कोण कुणाचा हात धरतोय हे दिसतही नाही.

वर बारादरीत बसून डबे उघडले आणि मी भातवडीची गोष्ट काढली. भातवडी आमच्या नगरजवळचीच. १६२४ साली तिथे मोगल आणि आदिलशाही फौजा एका बाजूला होत्या. दुसऱ्या बाजूला निजामशाहीचा मलिक अंबर, हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे राज्याचा कारभारी झालेला माणूस. त्याच्या बाजूने शहाजीराजे आणि त्यांचे बंधू शरीफजी लढले. शरीफजी त्याच रणात पडले. नगरच्या शाह शरीफ पीरावरून मालोजींनी दोन्ही मुलांची नावे ठेवली, अशी परंपरेने सांगितलेली हकीकत आहे. आणि समोर मोगलांकडून कोण होते? शहाजीराजांचे सासरे लखुजी जाधव.

“आता सांगा, आपली बाजू कोणती?” मी विचारले.

मुले गप्प. धर्माने बाजू ठरत असती, तर भातवडीची लढाई अशी झालीच नसती. चाकरी, वतन, मानापमान, जिवाची काळजी, यांनी त्या काळच्या बाजू ठरत. राज्ये बदलली, तरी खालची शेते कसणारी, दगड फोडणारी, पाणी वाहणारी माणसे तीच राहिली. आपल्यातल्या बहुतेकांचे पूर्वज त्यांच्यातच असणार. इतिहासात जे चुकले ते आपले पाप नव्हे आणि जे घडले त्याची फुशारकीही आपली नव्हे. पण ही जमीन मात्र आपली आहे, तिची माहिती असणे आपले काम आहे.

ती मुलगी काही बोलली नाही. उतरताना मात्र तीच सर्वांच्या पुढे होती, आणि वाटेत दुसऱ्यांनी टाकलेल्या बाटल्या पिशवीत भरत होती.

पुढची भटकंती भातवडीची आहे. यावेळी तीन आया येणार आहेत.