कार्डावरून पैसे गेले? पहिले तीन दिवस महत्त्वाचे

न केलेल्या खरेदीचा मेसेज आला की आधी कार्ड ब्लॉक करा, बाकीची धावपळ नंतर. बँकेचा नंबर कार्डाच्या मागेच छापलेला असतो. गुगलवर शोधायला जाऊ नका, तिथे भामट्यांचेही नंबर असतात. मग 1930 वर फोन. बेळगाव असो की कोल्हापूर, नंबर एकच.

रिझर्व्ह बँकेने जुलै 2017 मध्ये घालून दिलेला नियम असा: चूक ना बँकेची, ना ग्राहकाची, आणि बँकेचा मेसेज मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर एक रुपयाही बसत नाही. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवलं, तर पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डावर जास्तीत जास्त 10,000 रुपये. ओटीपी आपणच सांगितला असेल, तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच.

सगळं तारखेवर अडतं. म्हणून शाखेत तोंडी सांगून परत येऊ नका, अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या. 30 दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते.

कागदपत्रांचा गैरवापर हा वेगळाच ताप. आपल्या नावावर दुसऱ्याने कर्ज काढलेलं कित्येक दिवस कळतच नाही. सिबिलचा अहवाल वर्षातून एकदा मोफत मिळतो, तो बघा. आपल्या नावावर किती सिम आहेत ते ‘संचार साथी’वर दिसतं. आधार-पॅनची झेरॉक्स आपण सिमपासून भाडेकरारापर्यंत कुठेही देतो. देताना त्यावर कारण आणि तारीख आडवी लिहा.