सॅन हुआन हिलची भिंत

न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमधील डेव्हिड गेफन हॉल हे तेथील फिलहार्मोनिक वाद्यवृंदाचे घर. नूतनीकरणानंतर २०२२ साली ते पुन्हा उघडले, तेव्हा ६५व्या रस्त्याकडील त्याच्या काचेच्या दर्शनी भागावर ३५ फलकांचे एक भव्य चित्र झळकले. नीना शनेल ॲबनी या कृष्णवर्णीय चित्रकर्तीने त्याला ‘सॅन हुआन हील’ असे नाव दिले. नावात श्लेष आहे. ‘हिल’ म्हणजे टेकडी, ‘हील’ म्हणजे जखम भरून येणे. ही जखम कोणती, हे सांगण्यासाठीच आम्ही लेखणी हाती घेतली आहे.

आज जेथे ही संगीतमंदिरे उभी आहेत, तेथे पूर्वी सॅन हुआन हिल नावाची वस्ती होती. कृष्णवर्णीय व पोर्टो रिकोहून आलेल्या कुटुंबांची ती वस्ती. जॅझचा थोर पियानोवादक थेलोनियस मंक तेथेच वाढला. परंतु १९४९च्या गृहनिर्माण कायद्याने जुन्या वस्त्या हटवण्यास केंद्राचा पैसा उपलब्ध झाला, आणि शहराचे सर्वशक्तिमान नियोजक रॉबर्ट मोझेस यांची नजर या जागेवर पडली. वस्तीला आधी गलिच्छ ठरवायचे आणि मग ती पाडायची, ही रीत वाचकांस अपरिचित नसावी. सात हजारांहून अधिक कुटुंबे आणि सुमारे आठशे दुकाने-व्यवसाय हलवले गेले. १४ मे १९५९ रोजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी पहिली कुदळ मारली आणि १९६२ मध्ये हे सभागृह सुरू झाले.

याच मोझेस यांनी १९४८ पासून ब्राँक्सच्या भरवस्तीतून एक महामार्ग काढला. ईस्ट ट्रीमाँट येथे अवघ्या एका मैलासाठी सुमारे दीड हजार कुटुंबांना घरे सोडावी लागली. ब्राँक्सच्या पडझडीला पुढे आणखीही कारणे झाली. घरमालकांनी वाऱ्यावर सोडलेल्या आणि जळून गेलेल्या इमारती हे त्यांतले एक. तथापि त्या महामार्गाजवळच, १५२० सेजविक ॲव्हेन्यू येथील इमारतीत, ११ ऑगस्ट १९७३ रोजी सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळेच्या कपड्यांसाठी पैसे जमवावेत म्हणून एक नाचगाण्याची संध्याकाळ योजली. मुलींना पंचवीस सेंट, मुलांना पन्नास. तबकड्या वाजवल्या तिच्या भावाने, म्हणजे डीजे कूल हर्कने. हिप-हॉपचा जन्मदिवस म्हणून जग ही तारीख मानते. भावाचे नाव सर्वांस ठाऊक असते. बेत मात्र बहिणीचा होता.

हर्कची युक्ती साधी होती. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घ्यायच्या, त्यातला केवळ तालाचा तुकडा निवडायचा आणि तो पुनःपुन्हा जोडत जायचे. आमच्या मते ॲबनींच्या चित्रांची रचना याच जातीची आहे. कागद कापून चिकटवावेत तशा सपाट, भडक रंगांच्या आकृत्या, मध्येच अक्षरे, मध्येच चिन्हे. हिप-हॉपशी त्यांचा संबंध दूरचा नाही. रॅपर मीक मिल यांच्या २०२१च्या ‘एक्स्पेन्सिव्ह पेन’चे मुखपृष्ठ त्यांचेच. एका उद्ध्वस्त वस्तीत रुजलेली ही जोडकामाची रीत दुसऱ्या उद्ध्वस्त वस्तीच्या स्मृतीसाठी वापरली गेली, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

चित्रात मंक आहे. वस्तीतील रुग्णांची सेवा करणाऱ्या एलिझाबेथ टायलर व एडिथ कार्टर या परिचारिका आहेत. याच वस्तीत जन्मून वयाच्या ७५व्या वर्षी उत्तर ध्रुवावर पोहोचलेल्या बार्बरा हिलरीही आहेत.

हे चित्र लिंकन सेंटरनेच करवून घेतले, हे विसरता येत नाही. ज्यांनी जागा घेतली त्यांनीच साठ वर्षांनी भिंत दिली. यास कोणी देखावा म्हणतील. आम्ही तितके कठोर होणार नाही. पण घरे गेली त्यांना घरे मिळाली नाहीत. शिवाय चित्र काचेवर चिकटवलेल्या विनाइलचे. ते उतरवणे इमारत पाडण्याहून पुष्कळ सोपे.

मंकचे कुटुंब राहत होते ती ६३व्या रस्त्यावरील इमारत मात्र पाडकामातून वाचली.