लसूणघास, मावा आणि 'नियंत्रण'

लसूणघासावरील ठिपकेदार मावा इ. स. १९५४ मध्ये अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात आढळला आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियात पोहोचून तेथील दुभत्या जनावरांचा चाराच त्याने संकटात आणला. प्रारंभी पॅराथिऑन व मॅलॅथिऑन यांचा आश्रय घेण्यात आला. परंतु या विषांनी माव्याबरोबर त्याचे भक्षक असलेले ढालकिडेही मारले. शिवाय माव्यात प्रतिकारशक्ती उत्पन्न झाली. उपायच व्याधीचे पोषण करू लागला. तेव्हा मध्यपूर्वेतून परोपजीवी कीटक आणून शेतांत सोडण्यात आले, माव्यास दाद न देणारे वाण पेरण्यात आले, आणि ढालकिडे वाचावेत इतक्या अल्प मात्रेत डेमेटॉन फवारण्यात आले.

या अनुभवाच्या आधारे स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश व हेगन यांनी १९५९ साली एकात्मिक नियंत्रणाची संकल्पना मांडली. किडीमुळे होणारे नुकसान फवारणीच्या खर्चाहून अधिक होण्याचा संभव दिसेपर्यंत फवारू नये, हे तिचे एक प्रमुख सूत्र होय. 'नियंत्रण' आणि 'निर्मूलन' हे शब्द येथे एकमेकांपासून वेगळे झाले. शेतात थोडा मावा राहू देणे हा हलगर्जीपणा नव्हे. त्याच्यावरच ढालकिडे जगतात आणि पुढील प्रादुर्भावास आळा घालतात.