झालंच नव्हतं ते लग्न

लग्न मोडण्यासाठी मराठीत शब्दांना तोटा नाही. काडीमोड आहे, सोडचिठ्ठी आहे, फारकत आहे. पण मांडवात घडलं ते लग्न नव्हतंच, हे सांगायला घरचा शब्द नव्हता. दप्तरी मराठीनं अरबी वळणाच्या ‘रद्दबातल’वर भागवलं. त्यातला ‘बातल’ म्हणजे ‘बातिल’, आणि मुस्लिम कायद्यात बातिल निकाह म्हणजे मुळातच न झालेला निकाह. पुढे कायद्याच्या मराठीत ‘शून्य विवाह’ आणि ‘शून्यकरणीय विवाह’ आले. वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात मात्र वकील सरळ ‘नलिटी’ म्हणतात. बोरिवली-अंधेरीचे पक्षकार वांद्र्याला उतरतात, मुलुंड-घाटकोपरचे कुर्ल्याला, आणि दोन-चार तारखांत हा शब्द त्यांच्याही तोंडी बसतो.

कल्पना मात्र जुनी. नारदस्मृतीनं नपुंसकत्वाचे चौदा प्रकार मोजले आणि त्यांतल्या काहींच्या बायकांना दुसऱ्या पतीची वाट मोकळी केली. युरोपात घटस्फोट नाकारणाऱ्या चर्चनं ‘विवाह झालाच नव्हता’ एवढी एक फट ठेवली. 1533 मध्ये आठव्या हेन्रीचं पहिलं लग्न याच युक्तिवादानं निकालात निघालं. त्या फटीतून मुंबईच्या उपनगरांतली कॅथलिक ईस्ट इंडियन घरंही जातात. पण धर्मपीठानं लग्न रद्द केलं तरी सरकारदरबारी ते शाबूत राहतं. तिथे 1869 चा घटस्फोट कायदा लागतो.

हिंदूंसाठी 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात दोन कलमं आली. अकराव्यानुसार आधीची बायको किंवा नवरा हयात असेल, किंवा नातं निषिद्ध असेल, तर विवाह शून्य. (मामाच्या मुलीशी लग्न करणारे रूढीच्या आधारावर सुटतात.) द्विभार्या विवाह मुंबई प्रांतात 1946 पासूनच बेकायदा होता, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. छागला-गजेंद्रगडकरांनी 1951 मध्ये तो कायदा उचलून धरला होता. बाराव्या कलमातलं लग्न कोर्टानं मोडेपर्यंत खरंच असतं. त्याची कारणं मोजकी: नपुंसकत्वामुळे शरीरसंबंध न येणं, मानसिक असमर्थता, जबरदस्तीनं वा फसवून घेतलेली संमती, आणि लग्नाच्या वेळी वधूला दुसऱ्याचे दिवस गेलेले असणं.

खरी गुंतागुंत फसवणुकीची. पुण्याच्या दास्ताने खटल्यात नवऱ्याचा आरोप होता, की सासऱ्यानं मुलीचं मानसिक आजारपण लपवलं. पण सासऱ्यानं 1956 च्या लग्नाआधी दोन पत्रं लिहून येरवड्याच्या मनोरुग्णालयातले उपचार कळवले होते! 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. य. वि. चंद्रचूड यांच्या निकालातही फसवणूक ठरली नाही. त्याआधी मुंबई उच्च न्यायालयानं एका खटल्यात अपस्मार लपवणं ही फसवणूक नव्हे असं म्हटलं होतं. 1976 च्या दुरुस्तीनं चित्र पालटलं. जोडीदाराबद्दलची कोणतीही महत्त्वाची गोष्ट लपवली तर ती फसवणूक ठरू लागली, आणि वारंवार फिट येणं हेच लग्न रद्द करायचं कारण झालं. त्या आजारावरचा हा शिक्का पुसायला 1999 उजाडावं लागलं. तेवीस वर्षं!

फसवणूक कळल्यापासून वर्षभरात अर्ज करावा लागतो. कळूनही नांदत राहिलं तर दावा गेला. उलट घटस्फोटासाठी लग्नाला वर्ष व्हावं लागतं, इथे ती अट नाही. शिवाय ‘घटस्फोटित’ हा शेरा टळतो, आणि अनेक घरांना कायद्यापेक्षा त्याचीच धास्ती जास्त असते. रद्द झालेल्या लग्नातली मुलं मात्र कलम 16 मुळे औरसच.

एप्रिल 2024 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे एक जोडपं आलं होतं. 2023 च्या मार्चमध्ये लग्न, सतरा दिवसांत वेगळे. सत्तावीस वर्षांच्या नवऱ्यानं आधी दोष बायकोवर ढकलला, मग स्वतःची असमर्थता लेखी कबूल केली, तीही फक्त तिच्यापुरती. दोघांचं संगनमत असेल म्हणून कुटुंब न्यायालयानं त्यांना परत पाठवलं होतं. उच्च न्यायालयानं ‘सापेक्ष नपुंसकत्व’ मान्य करून ते लग्न शून्य ठरवलं.