थिबा पॅलेस बघा, पण थडगंही बघा

चार दिवस रत्नागिरी फिरायला येणारे रत्नदुर्ग, मांडवी, टिळकांचं घर करतात, थिबा पॅलेससमोर सेल्फी काढतात आणि गणपतीपुळ्याला पळतात. मी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतो, बाबांनो, हा राजा हौसेने इथे आलेला नव्हता.

१८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं, ब्रह्मदेशाच्या या शेवटच्या राजाला पकडलं आणि १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. त्याआधी १८५८ मध्ये दिल्लीचा बहादुरशहा जफर रंगूनला धाडलेला. त्यांचा राजा इकडे, आपला तिकडे. म्हणजे ज्याच्याभोवती लोक गोळा होतील असं कुणी जागेवर उरायलाच नको!

वाडा बांधून झाला १९१० मध्ये. १९१६ मध्ये थिबा गेला. राणी सुपायालात १९१९ मध्ये रंगूनला परतली. राजा मात्र इथेच राहिला. थोरल्या राजकन्येची मुलगी टूटू तर पुरती रत्नागिरीकर झाली, मराठी बोलली, कष्टात जगली.

२०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन मुद्दाम या थडग्यापाशी येऊन गेले. आपल्या सहलीच्या गाड्या किती वळतात तिकडे?

पॅलेस बघून झाला की तासभर काढाच. वाड्यात तो जेमतेम सहा वर्षं राहिला, या मातीत शंभरावर वर्षं आहे.